नाताळ प्रांत समजून घ्यायचा तर तिथले कर बघ

पुणे

प्रिय सुहास,

डर्बनची बदली पक्की झाली हे वाचून फार आनंद झाला. दक्षिण आफ्रिकेतल्या त्या नाताळ प्रांताचा इतिहास कुठून सुरू करू, असं विचारलंस. लढाया तुला कुठल्याही पुस्तकात सापडतील. माझं ऐकशील तर आधी तिथले कर बघ.

इंग्रजांनी 1843 साली नाताळ बोअरांकडून, म्हणजे तिथल्या डच वंशाच्या वसाहतवाल्यांकडून, घेतलं आणि 1849 मध्ये आफ्रिकी लोकांवर झोपडीमागे सात शिलिंग कर बसवला. रोकड हवी तर गोऱ्यांकडे राबा, हा त्यातला डाव. तरी लोक शेतीभातीवर, गुरांवर भागवत राहिले, ऊसमळ्यांना मजूर पुरेनात. म्हणून 16 नोव्हेंबर 1860 रोजी मद्रासहून आलेलं ‘ट्रुरो’ जहाज डर्बनला लागलं, आपले गिरमिटिये, म्हणजे करारानं बांधलेले मजूर, घेऊन.

गिरमिट पाच वर्षांचं, पहिल्या वर्षी पगार महिना दहा शिलिंग. मुदत संपल्यावर जो तिथंच राहील त्यानं वर्षाला तीन पौंड भरायचे, असा कायदा 1895 साली झाला. तीन पौंड म्हणजे साठ शिलिंग. सहा महिन्यांची मजुरी, सुहास! पुढे सोळा वर्षांवरची मुलं नि तेरा वर्षांवरच्या मुलीसुद्धा त्यात ओढल्या. परत जा, नाहीतर पुन्हा गिरमिटावर अंगठा उठव.

झोपडीकर न भरणाऱ्या पुरुषांवर माणशी एक पौंड बसला, तेव्हा 1906 साली झुलू सरदार बंबाथा बंड करून उठला. तीन हजारांवर झुलू मारले गेले. गांधीजी तेव्हा इंग्रजांच्या बाजूनं जखमींना वाहून नेणारं डोलीपथक घेऊन गेले होते. फटक्यांनी सोललेल्या झुलूंच्या जखमा त्या पथकानं धुतल्या. एकाच तिजोरीनं पिळलेले हे दोन समाज, झुलू आणि हिंदी, तेव्हा एकत्र आले नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

1912 मध्ये आपले गोखले तिथं गेले, तिथले पंतप्रधान बोथा आणि मंत्री स्मट्स यांना भेटले. तीन पौंडांचा कर जाणार, या समजुतीनं परतले. तो गेला नाही. 1913 मध्ये न्यूकॅसलच्या कोळसाखाणींत संप पेटला, ऊसमळ्यांपर्यंत पसरला, तेव्हा कुठे 1914 साली तो कर रद्द झाला. आफ्रिकी लोकांवरचे कर मात्र चालूच राहिले.

डर्बनजवळच्या इनांडाला नक्की जा. गांधीजींचा फिनिक्स आश्रम आणि आफ्रिकी नेते जॉन डुबे यांची ओहलांगे शाळा त्याच भागात आहेत. आश्रम 1985 च्या दंगलीत जळाला, नंतर पुन्हा उभारला. ओहलांगेत मंडेलांनी 1994 साली आयुष्यातलं पहिलं मत दिलं. दोन्ही एकाच दिवशी बघ आणि मला सविस्तर लिही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश