हृदयरुग्णांची उडालेली झोप आणि पडणारे खाडे : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे सोलापुरातल्या अनेक यंत्रमाग कामगारांना अँजिओप्लास्टीसाठी कर्ज काढावे लागले नाही, याबद्दल शासनाचे मनापासून आभार. हे पत्र मात्र त्यानंतरच्या महिन्यांविषयी आहे. रक्तवाहिनी मोकळी होते, रुग्ण घरी येतो. पण रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.

आमच्या शेजारचे काका टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत. झटक्यानंतर ते कामावर परतले खरे, पण रात्र जागून काढल्यावर सकाळच्या पाळीला जाण्याचे त्राण उरत नाही आणि खाडा पडतो. गेले तरी तुटलेला धागा वेळेवर नजरेस येत नाही, मालात दोष राहतो आणि मजुरी कापली जाते. दर हजार विड्यांमागे मजुरी घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांचेही तेच. राज्य कामगार विमा योजनेतल्या पात्र कामगाराला आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत सुमारे 70 टक्के वेतन मिळते. ज्याचे नाव हजेरीपटावरच नाही, त्याचा बुडालेला रोज कोणत्याच हिशेबात येत नाही. अपुऱ्या झोपेमुळे एकट्या अमेरिकेचे वर्षाला 411 अब्ज डॉलरपर्यंत नुकसान होते, असा अंदाज ‘रँड’ या संशोधन संस्थेने 2016 मध्ये मांडला होता. आपल्याकडे निदान खाडे तरी मोजले जावेत.

या जागरणाला मनाचा कमकुवतपणा समजून सोडून देणे अन्यायाचे आहे. पुन्हा झटका येईल ही भीती असते, झोपेत श्वास अडकत असतो, काही औषधांनीही झोप मोडते. काकांची लघवी वाढवणारी गोळी डॉक्टरांनी संध्याकाळऐवजी सकाळी द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यांचे रात्रीचे उठणे बरेच कमी झाले. तोवर त्यांना झोपेबद्दल कोणी विचारलेच नव्हते.

म्हणून विनंती अशी, की शासकीय रुग्णालयांत आणि कामगार विमा दवाखान्यांत हृदयरुग्णाच्या प्रत्येक फेरतपासणीत रक्तदाबाबरोबर झोप आणि महिन्यातले खाडे यांचीही नोंद सक्तीची करावी. दीर्घकाळच्या निद्रानाशावर झोपेच्या गोळीआधी समुपदेशनातून झोपेच्या सवयी आणि धास्ती बदलण्याचा उपचार द्यावा, असे वैद्यकशास्त्र सांगते. त्यासाठी असलेल्याच समुपदेशकांना प्रशिक्षण देता येईल. सुरुवात सोलापूरपासून करावी आणि सहा महिन्यांच्या नोंदी जाहीर कराव्यात.

आपला,
एक सोलापूरकर नागरिक