ड्रॅगन फ्रूटच्या रोपांना ओळखपत्र हवे

संपादक महोदय,
ड्रॅगन फ्रूट हा निवडुंगाचाच प्रकार. सांगली-सोलापूरच्या कमी पाण्याच्या पट्ट्यात त्याच्या बागा उभ्या राहिल्या, पण रोप घेताना शेतकरी निव्वळ विश्वासावर पैसे मोजतो. खांबावर चढलेला फुटवा पाहून आतला गर लाल निघेल की पांढरा, हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. त्यातही लाल गराच्या बऱ्याच जातींना स्वतःचे पराग चालत नाहीत. फूल उमलते रात्री आणि सकाळी मिटते. म्हणून बागायतदार बॅटरी लावून, हातात ब्रश घेऊन फुलाफुलाला दुसऱ्या जातीचे पराग लावत फिरतो. भलतेच वाण गळ्यात पडले, तर ही जागरणेही फुकट!

या पिकाच्या ११ गुणसूत्रांचा जीनोम आराखडा (संपूर्ण डीएनएचा नकाशा) २०२१ मध्येच प्रसिद्ध झाला आहे; म्हणजे डीएनएवरून वाण ओळखायला आधार आहे. बारामतीजवळ माळेगावला केंद्राची अजैविक ताण व्यवस्थापन संस्था या पिकावर काम करते. स्वपरागणाने फळणारी आणखी लाल वाणे पैदाशीतून येतील तेव्हा येतील. तोवर निदान रोपवाटिकांतील मातृवृक्षांची (ज्यांच्यापासून रोपे तयार करतात त्या मूळ झाडांची) डीएनए तपासणी कृषी खात्याने सक्तीची करावी. अनुदान लागवडीला मिळते, मग वाणाच्या खात्रीला का नको?

– एक बागायतदार, जत (जि. सांगली)