चित्राला मानांकन, भिंतीवर मात्र ‘कच्ची’चा शेरा

मा. ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी २०११ मध्ये डहाणूकडच्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे पद्मश्री झाले. पण ही चित्रं ज्या भिंतीवर जन्मली, तो कारवी या रानझुडपाच्या काठ्यांचा कूड आणि त्यावरचं गवताचं छप्पर आपल्या घरकुल योजनेच्या हिशेबात निव्वळ ‘कच्चं घर’ आहे.

या कच्च्या घराची बांधणी एकदा सावकाश पाहा. जमिनीत रोवलेल्या लाकडी मेढी, वर आढं, तिथून उतरणारे वासे, त्यांवर बांबू आणि गवताचा जाड थर. उतार असा खडा, की पालघरचा पाऊस क्षणभर टेकत नाही. पाखं इतकी खाली, की झड भिंतीला लागत नाही. कारवीच्या काठ्या खेटून उभ्या बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी माती-शेणाने लिंपायच्या. छपराचा भार मेढींवर असतो, कूड नुसता आडोसा. म्हणून भिंत बदलताना छपराला हात लावावा लागत नाही. चुलीचा धूर गवतातून झिरपत बाहेर पडतो आणि जाताजाता कीडही हुसकावतो. लग्नात याच लिंपणावर सवासिनी तांदळाच्या पिठाने पालघटदेवीचा चौक, म्हणजे चौकोनी चित्र, लिहितात.

दरवर्षीची शाकारणी (छपरावर नवं गवत घालणं), आगीची धास्ती, गवताची टंचाई यांना लोक कंटाळलेत, हे खरंच आहे. ज्यांना सिमेंटचं घर हवं, त्यांना ते मिळालंच पाहिजे. (गवताखाली कुणी राहायचं, हे शहरातल्या कलाप्रेमींनी ठरवू नये.) पण ज्यांना कूडच हवा, त्यांना दगडी जोत्यावर, प्रक्रिया केलेल्या बांबूच्या मेढींवर, हवं तर कौलं घालून घर बांधायला हेच अनुदान का मिळू नये? स्थानिक साहित्यातल्या घरांचे नमुने केंद्राच्याच ग्रामविकास मंत्रालयाने ‘पहल’ या संग्रहात छापले आहेत. ते तालुक्याच्या अभियंत्याच्या टेबलापर्यंत पोहोचवा.

कारवी सात वर्षांनी फुलते आणि बी धरून वाळते. ती वाळलेली काठी घरासाठी तोडण्याची रीतसर परवानगी वनखात्याकडून आपणच मिळवून द्यावी.

जव्हार, विक्रमगड, डहाणू, तलासरीत जी नांदती कुडाची घरं उरली आहेत, त्यांची मोजमापं येत्या पावसाळ्याआधी घ्यावीत. सोबत पाड्यावरचे शाकारणी जाणणारे म्हातारे घ्यावेत, आणि त्यांना अभियंत्याइतकाच दिवसाचा भत्ता द्यावा.

आपला,
पालघर जिल्ह्यातला एक रहिवासी