सुईची भीती म्हणजे नाटक नव्हे

महोदय,

गेल्या आठवड्यात रक्ततपासणीसाठी उपाशीपोटी रांगेत बसलो असताना, माझ्यापुढच्या पंचविशीतल्या तरुणाच्या दंडाला रबरी पट्टा आवळताच त्याचा चेहरा पांढराफटक पडला, आणि तिथल्या कर्मचाऱ्याने ‘एवढा घोडा झालास नि सुईला घाबरतोस?’ असा शेरा मारला. इतर भीतींमध्ये छाती धडधडते व रक्तदाब वाढतो. सुई किंवा रक्त पाहून घाबरणाऱ्या अनेकांचा रक्तदाब मात्र आधी किंचित चढून मग एकाएकी घसरतो, नाडी मंदावते आणि माणूस भोवळ येऊन कोसळतो. त्यामुळे ‘अंग सैल सोड’ हा नेहमीचा सल्ला अशांच्या अंगाशी येऊ शकतो. त्यांनी हातापायांचे व पोटाचे स्नायू चेहऱ्याला ऊब जाणवेपर्यंत, साधारण १० ते १५ सेकंद, आवळून धरावेत, मग २० ते ३० सेकंद पूर्ववत बसावे आणि असे पाचेक वेळा करावे. सुई टोचायचा हात तेवढा सैल ठेवावा. (मिशा पांढऱ्या झाल्या तरी सुईकडे बघण्याची माझी छाती होत नाही, म्हणून हे मी स्वतः करतो.)

नोंदणीच्या अर्जावर ‘रक्त देताना पूर्वी कधी चक्कर आली होती का?’ एवढा एक प्रश्न छापावा आणि ‘होय’ म्हणणाऱ्याला खुर्चीऐवजी खाटेवर आडवे करून रक्त घ्यावे, एवढीच प्रयोगशाळाचालकांना विनंती आहे.

– एक ज्येष्ठ वाचक, सातारा