हॉस्टेलमधल्या केमिस्ट्रीवाल्या ताईला

प्रिय ताई,

फोनवर आभार मानता आले असते, पण हे चार जणांनी वाचावं म्हणून मुद्दाम जाहीर लिहितेय. बीएस्सीच्या कोऑर्डिनेशन केमिस्ट्रीत, म्हणजे मधला धातू आणि त्याला जोडलेले रेणू-आयन यांच्या संयुगांच्या अभ्यासात, 'व्हीबीटीच्या (व्हॅलन्स बाँड थिअरीच्या) मर्यादा', 'सीएफटीच्या (क्रिस्टल फील्ड थिअरीच्या) मर्यादा' हे प्रश्न हमखास येतात आणि मुलं ते पाठ करून टाकतात. तू हॉस्टेलच्या गॅलरीत बसून आम्हाला आधी मर्यादाच शिकवल्यास. थिअरी मागून आली.

या संयुगांची रचना उलगडणारा रसायनशास्त्रज्ञ वर्नर तुझा लाडका. १८९३ साली इलेक्ट्रॉनचाही शोध लागलेला नव्हता. याच्या हाताशी काय, तर कोबाल्टचे अमोनियायुक्त क्षार. सहा अमोनियावाल्या पिवळ्या क्षारातून सिल्व्हर नायट्रेट तिन्ही क्लोराइड खाली आणतं, पाचवाल्या जांभळ्यातून दोनच, म्हणजे उरलेला थेट कोबाल्टलाच जोडलेला. असल्या पुराव्यावरून माणूस कोबाल्टभोवतीच्या सहा जागांच्या अष्टफलकापर्यंत पोचतो! आमच्या पुस्तकात त्याला जेमतेम अर्धं पान होतं.

मग पॉलिंग आणि त्याची व्हीबीटी. कोबाल्टचा तोच +३ आयन; सहा अमोनियांसोबत एकही सुटा इलेक्ट्रॉन नाही, सहा फ्लोराइडसोबत चार. म्हणून ऑर्बिटल्सचं मिश्रण एकाला डी-टू-एसपी-थ्री, दुसऱ्याला एसपी-थ्री-डी-टू. तू शांतपणे विचारलंस, "मॅग्नेटिक मोमेंट मोजून सुटे इलेक्ट्रॉन कळायच्या आधी हे सांगता आलं असतं का?" कोणीच बोललं नाही. रंगाबद्दल तर व्हीबीटीकडे सांगण्यासारखं काही नव्हतंच.

रंग आला तो बेथेच्या १९२९ च्या क्रिस्टल फील्डमधून. लिगंड, म्हणजे धातूला जोडले जाणारे रेणू किंवा आयन, अक्षांवरून येतात, त्यांच्या समोर पडलेली दोन डी ऑर्बिटल्स वर जातात, मधल्या फटींतली तीन खाली राहतात. टायटॅनियम +३ चा एकुलता एक इलेक्ट्रॉन सुमारे ५०० नॅनोमीटरचा प्रकाश घेऊन वर उडी मारतो, म्हणून द्रावण जांभळं. मला वाटलं, संपलं सगळं.

तेव्हा तू कार्बन मोनॉक्साइड (सीओ) काढलास. लिगंड म्हणजे नुसता विद्युतभार असेल, तर भार नसलेला सीओ स्पेक्ट्रोकेमिकल सिरीजच्या, म्हणजे कोणता लिगंड डी ऑर्बिटल्स किती दूर करतो या क्रमाच्या, वरच्या टोकाला का? ऋणभार असलेला हायड्रॉक्साइड पाण्याच्याही खाली का? इथून मॉलेक्युलर ऑर्बिटल्सशिवाय गत्यंतर नव्हतं. सीओ धातूला इलेक्ट्रॉन देतो, धातू डी ऑर्बिटलमधून त्याच्या रिकाम्या, बंध सैल करणाऱ्या पाय-स्टार ऑर्बिटलमध्ये परत देतो, आणि त्यामुळे सीओचा स्वतःचाच बंध सैल पडतो. मी म्हटलं, हे कागदावर ठीक आहे. तू आयआरचे (इन्फ्रारेड वर्णपटाचे) आकडे समोर ठेवलेस: मोकळा सीओ २१४३ प्रति सेंटिमीटर, निकेल टेट्राकार्बोनिलमध्ये जेमतेम २०६०. बंध सैल झाल्याचं असं मोजून दिसतं, हे तोवर मला कोणी दाखवलंच नव्हतं.

आता मी शिकवते तेव्हा सीओपासूनच सुरुवात करते, वर्नर नंतर. तुला हा क्रम पटणार नाही, ठाऊक आहे.

ताई, मनापासून आभार. आणि नायट्रिक ऑक्साइड धातूला कधी सरळ, कधी वाकून का जोडला जातो, ते 'परीक्षा झाल्यावर सांगते' म्हणाली होतीस. परीक्षा कधीच झाली.

तुझी,
शेजारच्या खोलीतली