माझ्या श्वासांसाठी जागा सोडणाऱ्या बेसवादकास

आदरणीय अंकल,

सादर नमस्कार.

हे पत्र मी तुम्हांला पोस्टाने पाठवले असते, तर तुम्ही ते वाचून, घडी घालून नोटेशनच्या वहीत ठेवून दिले असते आणि ही गोष्ट तुमच्या-माझ्यातच राहिली असती. मला ती तशी राहायला नको आहे. गेल्या महिन्यात ज्या गाण्यावर माणसे नाचली आणि ज्या गाण्यातल्या माझ्या आवाजाचे अनेकांनी भरभरून कौतुक केले, त्या आवाजाला श्वास घ्यायला जागा कोणी करून दिली, हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नाही. तुमचे नाव पत्रात घालू नये अशी तुमची इच्छा होती आणि ती मी पाळते आहे. गाण्याच्या श्रेयनामावलीत मात्र ते माझ्याही नावाच्या आधी, पहिल्या ओळीत आहे. तिथे तुमचे ऐकणे मला शक्य नव्हते.

तुमच्या माझगावच्या घराचा जिना चढले, तेव्हा माझ्याजवळ एक अर्धमेले गाणे होते. ‘उशिराची लोकल अजून गेली नाही’ ही त्याची पहिली ओळ. कचेरीतून रात्री उशिरा निघालेली, फलाटावर एकटीच उभी असलेली आणि पाय दुखत असतानाही मनातल्या मनात नाचणारी बाई मला त्यात आणायची होती. ती बाई मीच होते, हे वेगळे सांगायला नको. गाणे मराठी होते, चाल सोलची, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या भावभऱ्या गायकीची होती आणि ठेका फंकचा, म्हणजे त्याच संगीतातल्या नाचायला लावणाऱ्या प्रकाराचा होता. ते ऐकणाऱ्याने डोळे मिटावेत आणि त्याच वेळी त्याची कंबरही हलावी, एवढीच माझी इच्छा होती. माझ्यामागे कोणतीही कंपनी नव्हती. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी पगारातून बाजूला काढलेले पैसे आणि घरच्यांनी न विचारता सोसलेले माझे रविवार, एवढ्यावर ते उभे राहायचे होते.

त्याआधी ज्या स्टुडिओत मी ते ध्वनिमुद्रित केले, त्याचे नाव मी घेणार नाही, पण तिथे जे झाले ते सांगितल्याशिवाय तुमचे ऋण कळणार नाही. तिथे माझा आवाज स्वच्छ करण्यात आला. दोन ओळींमधला प्रत्येक श्वास शोधून, पडद्यावर त्याची रेघ निवडून पुसून टाकण्यात आला आणि जिथे मी होते तिथे निव्वळ शांतता भरण्यात आली. स्वर जिथे किंचित खालून वर सरकत होता, तिथे तो सरळ करण्यात आला. ड्रमचा प्रत्येक ठोका ओढून बरोबर चौकटीच्या रेघेवर बसवण्यात आला. मग ‘आता एकदम प्रोफेशनल वाटतंय’ असे म्हणून मला ते ऐकवण्यात आले. मी विचारले, की हे ऐकून एकाचाही पाय का हलत नाही? त्यावर उत्तर मिळाले, की मराठी माणसाला फंक कळत नाही, ढोलकी टाका, चालेल. दुसऱ्या एकाने माझे वय विचारले आणि चित्रफितीत चेहरा एखाद्या तरुण मुलीचा घ्यावा, असा सल्ला दिला. ठरलेले पैसे देऊन मी घरी आले आणि त्यानंतर पाच महिने स्वयंपाकघरातसुद्धा गुणगुणले नाही. मला त्या लोकांचा राग आजही येतो, कारण त्यांनी गाणे वाईट केले एवढेच नाही, तर ते वाईट झाले याचे कारण मी आहे, अशी माझी खात्री करून दिली.

तुम्ही ते ध्वनिमुद्रण शेवटपर्यंत ऐकलेत. कानांवरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवलात आणि पहिला प्रश्न विचारलात: “बाय, तू श्वास कुठे घेतेस?”

गाण्याबद्दल मला तोवर पुष्कळ प्रश्न विचारले गेले होते. बाजारपेठ कोणती, श्रोता कोण, पहिल्या पंधरा सेकंदांत काय आहे, हे सगळे विचारून झाले होते. हा प्रश्न मात्र मला कोणीही विचारला नव्हता. तुम्ही मला खिडकीजवळ उभे राहून, कोणत्याही वाद्याशिवाय सबंध गाणे म्हणायला सांगितलेत. माझा शब्दांचा कागद तुम्ही समोर ओढलात, देवनागरी अक्षरांवरून बोट फिरवत हळूहळू माझ्याबरोबर सरकू लागलात आणि मी जिथे श्वास घेई तिथे शब्दांच्या वर पेन्सिलीने एक लहानसा स्वल्पविराम काढू लागलात. गोव्यातल्या चर्चच्या शाळेत लहानपणी पाश्चात्त्य स्वरलिपी शिकताना गायकाच्या श्वासासाठी हीच खूण असते हे तुम्ही शिकला होतात, असे तुम्ही नंतर सांगितलेत. एकूण चौदा स्वल्पविराम झाले. दुसऱ्या कडव्यात ‘थांबलेल्या’ या शब्दाच्या मध्येच माझा दम संपतो आणि तिथे मी चोरून श्वास घेते. ती चोरी मला स्वतःलाही लाजिरवाणी वाटत असे. तुम्ही तिथेही खूण केलीत, शब्दाच्या मधोमध, आणि म्हणालात, “हा लपवू नकोस. बाई दमली आहे ना? मग दमू दे तिला.”

नंतर तुम्ही तुमच्या बेसची, म्हणजे खालच्या सुरांच्या गिटारची, ओळ लिहायला घेतलीत. तिसऱ्या ओळीच्या शेवटी अंगठ्याने तार ठोकून आणि तर्जनीने ओढून वाजवायची एक सुरेख जागा तुम्ही आधी बांधली होती. मी ती ऐकून टाळी वाजवली होती. ती जागा बरोबर माझ्या एका स्वल्पविरामावर येत होती. तुम्ही खोडरबर घेतलेत आणि ती पुसून तिथे विरामाचे चिन्ह लिहिलेत. मी नको नको म्हणत राहिले. तुम्ही कागदावरचा रबराचा चुरा हाताच्या कडेने झाडलात, फुंकर मारलीत आणि पुढच्या मात्रेवर गेलात.

अंकल, माझे आभार मुख्यतः त्या चुऱ्यासाठी आहेत. एका ठिकाणी माझा श्वास पुसला गेला होता आणि दुसऱ्या ठिकाणी, पन्नास वर्षे बेस वाजवलेल्या माणसाने, त्याच श्वासासाठी स्वतःची उत्तम जागा पुसली. त्या संध्याकाळी मी परळच्या पुलावरून चालत गेले आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने गायले.

फंक म्हणजे काय, हे मला तुमच्या घरी कळले. अमेरिकन गायक जेम्स ब्राउनने 1965 च्या सुमारास सगळा जोर आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर आणला, हे मी वाचले होते. पण ‘ती तुमची समच आहे, फक्त ते लोक प्रत्येक मापात समेवर येतात आणि मधे सगळे एकमेकांसाठी जागा सोडून वाजवतात’, हे तुम्ही मांडीवर हाताने ठोके देऊन दाखवलेत. चार मात्रांचे सोळा तुकडे करायचे, त्यांतले मोजकेच वाजवायचे आणि उरलेल्या रिकाम्या तुकड्यांत ऐकणाऱ्याचे अंग हलते, इतके ते सोपे आणि इतके अवघड आहे. ढोलकीवाल्याला हे कोणी शिकवावे लागत नाही, असे तुम्ही आदराने म्हणालात, तेव्हा मला त्या स्टुडिओतला ‘ढोलकी टाका’ हा सल्ला आठवला. एकाच वाद्याचे नाव दोन माणसांच्या तोंडी किती वेगळे ऐकू येते!

तुम्ही सांगितलेल्या गोष्टी मी वहीत उतरवून ठेवल्या आहेत. अमेरिकन बेसवादक लॅरी ग्रॅहम आईबरोबर वाजवत असताना त्यांच्याकडे ड्रमर उरला नाही, म्हणून त्याने अंगठ्याने तार ठोकून मोठ्या ड्रमची आणि बोटाने ओढून लहान ड्रमची उणीव भरून काढली. पुढे जगभर बेसवादकांनी उचललेली ती पद्धत एका नसलेल्या माणसाची जागा भरताना जन्मली. 1969 च्या अखेरीस त्याचा तो अंगठा ज्या गाण्यातून घरोघरी पोहोचला, त्या गाण्याचे नावच ‘आभार’ या अर्थाच्या शब्दांनी सुरू होते. आपल्या मुंबईत जन्मलेल्या गायिका आशा पुथलीने 1976 च्या तबकडीवर जवळजवळ कुजबुजत गायलेले एक गाणे न्यू यॉर्कच्या ‘द लॉफ्ट’ या नाचाच्या ठिकाणी जमणाऱ्यांनी डोक्यावर घेतले. ते तुम्ही मला ऐकवलेत आणि तिच्या आवाजातल्या हवेकडे बोट दाखवलेत. नाचाच्या गाण्यात श्वास चालत नाही, ही माझी समजूत त्या काही मिनिटांत कायमची गेली.

आणि अमेरिकन सोल-गायिका शेरॉन जोन्स. तिच्याबद्दल तुम्ही सांगितलेत त्या दिवशी मी तुमच्यासमोर रडले, त्याबद्दल आज संकोच वाटत नाही. न्यू यॉर्कच्या रायकर्स आयलंडच्या तुरुंगात पहारेकरी म्हणून आणि पैशांच्या चिलखती गाडीवर रक्षक म्हणून नोकरी केलेली ही बाई. तू फार काळी, फार जाड, फार बुटकी आणि फार वयस्कर आहेस, असे तिला संगीताच्या धंद्यातल्या माणसाने तोंडावर ऐकवले होते. डॅप-किंग्ज या वाद्यवृंदाबरोबर तिचा पहिला अल्बम 2002 मध्ये आला, तेव्हा तिने चाळिशी कधीच ओलांडली होती. तो ब्रुकलिनच्या डॅपटोन या लहानशा स्वतंत्र कंपनीने काढला आणि त्या कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एक, गेब्रिएल रॉथ, स्वतः तिच्यामागे उभा राहून बेस वाजवत असे. 2016 मध्ये कर्करोगाने ती गेली, तोवर ती रंगमंचावर घाम निथळेपर्यंत नाचत होती. माझे वय तुम्ही कधी विचारले नाहीत. तिचे मात्र आवर्जून सांगितलेत.

ध्वनिमुद्रणाच्या दिवसाचे तपशील इथे नकोत. एवढेच लिहिते, की तुम्ही बेसच्या तारांखाली, त्या जिथे टेकतात त्या ब्रिजपाशी, स्पंजचा एक पातळ तुकडा सरकवलात आणि त्या क्षणी वाद्याचा आवाज एखाद्याने दारावर मुठीने हलकेच ठोकावे तसा गोल आणि आखूड झाला. कानांतली मेट्रोनोमची, म्हणजे ठेका मोजणाऱ्या यंत्राची, टिकटिक तुम्ही बंद करायला लावलीत आणि ड्रमवरच्या मुलाला म्हणालात, “हिच्या खांद्याकडे बघ.” त्याने पाहिले. चौदा वेळा माझा खांदा वर गेला, चौदा वेळा तुमच्या तारा गप्प राहिल्या आणि पुढच्या क्षणाला दर वेळी जणू जमीन पायांखाली परत आली. तिसरा टेक आपण ठेवला. त्यात एका ठिकाणी माझा आवाज चिरकतो. तो तसाच राहू द्या, हेही तुम्हीच सांगितलेत.

तुमच्या वागण्यातल्या आणखी काही गोष्टी माझ्या मनातून जात नाहीत. चहा आणणाऱ्या पोराला तुम्ही नाव विचारलेत आणि संध्याकाळपर्यंत नावानेच हाक मारलीत. ड्रमवरचा मुलगा दोनदा चुकला, तेव्हा ‘माझी तार उतरली आहे’ असे म्हणून तुम्ही त्याला श्वास घ्यायला वेळ दिलात. तार उतरलेली नव्हती, हे मला दिसत होते. ज्या पिढीच्या गोवेकर वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताला व्हायोलिन, ट्रम्पेट आणि बेस दिला आणि ज्यांतल्या बहुतेकांची नावे तबकड्यांवर कधी छापली गेली नाहीत, त्या पिढीचे तुम्ही आहात. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांना पाया देणाऱ्या बेसवादक जेम्स जेमर्सनचे नाव तबकडीच्या वेष्टनावर यायला 1971 उजाडावे लागले, ही गोष्ट तुम्ही कसलीही कडवट छटा न आणता सांगितलीत. इतकी वर्षे स्वतः बिननावाचे राहिलेल्या माणसाला दुसऱ्याचा श्वाससुद्धा नोंदवून ठेवावासा वाटतो, याने मी आजही हलून जाते. साधे, नीट वागणारी माणसे संगीतात आहेत, एवढा विश्वास मला तुमच्यामुळे परत मिळाला आणि त्या विश्वासावरच पुढची चार गाणी पुरी झाली.

गेल्या महिन्यातल्या कार्यक्रमाच्या रात्रीबद्दल सांगायचे राहिले. तुम्ही दारापाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला होतात, म्हणून तुम्हांला रंगमंचासमोरचे दिसले नसेल. शे-सव्वाशे माणसे होती. माझ्या कचेरीतल्या दोघी होत्या, शेजारच्या काकू होत्या, कोणाची तरी लहान मुले होती. दुसऱ्या कडव्यात ‘थांब’वर मी थांबले, तुम्ही थांबलात, ड्रम थांबला आणि त्या एवढ्याशा रिकाम्या जागेत समोरच्या साऱ्यांचे खांदे माझ्याबरोबर वर गेले. काकूंचा हात हवेत तसाच थांबलेला मी पाहिला. मग ‘लेल्या’ आले, तुमचा अंगठा तारेवर पडला आणि समोरचा सगळा जमाव एकदम खाली आला. मराठी माणसाला फंक कळत नाही, असे मला सांगणारे त्या वेळी तिथे असायला हवे होते, असे मला मनापासून वाटले.

तो पेन्सिलीच्या खुणांचा कागद मी काचेत बसवून घेतलेला नाही, कारण प्रत्येक रियाजाला तो हातात लागतो. घडीवर तो आता फाटू लागला आहे, म्हणून मागून चिकटपट्टी लावली आहे. सोबत नव्या गाण्याचे शब्द पाठवते आहे. अक्षर मोठे काढले आहे आणि दर दोन ओळींमध्ये, तुमच्या खुणांसाठी, एक ओळ कोरी ठेवली आहे. पुढच्या रविवारी चार वाजता येईन.

आपली कृतज्ञ,
उशिराच्या लोकलमधली गायिका