खड्डा खणण्याआधी वर तारा बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस तोंडावर आला की बेळगावात रोपे लावायची धांदल उडते. ५ जूनला फोटो, जुलैत वनमहोत्सव. रोप कुठे लावायचे हे मात्र खड्डे आधी कुठे खणलेत त्यावर ठरते, आणि खड्डे बहुतेकदा विजेच्या तारांखाली एका ओळीत! तिथे गुलमोहर लावला की काही वर्षांत फांद्या तारांना भिडणार, मग दरवर्षी करवत चालणार, आणि एका अंगाने कापलेले झाड वळवाच्या वाऱ्यात दुसऱ्या अंगाला कलणार. गुलमोहराची मुळे उथळ, लाकूड ठिसूळ. तो मैदानाच्या कडेला शोभतो, गटार आणि कंपाउंडच्या मधल्या पट्टीत नव्हे. तारांखाली चाफा किंवा तगर पुरे.

जमीनही बघावी. शहापूर, वडगाव, येळ्ळूरकडची जमीन काळी. बळ्ळारी नाल्याच्या बाजूला जिथे भात पिकायचे, तिथे आता लेआऊट पडलेत. पावसात खड्डा भरला की पाणी लवकर हटत नाही. अशा जागी बहावा लावलात तर मुळे कुजतील. ताम्हण मुळात ओढ्याकाठचे झाड, त्याला ओल मानवते. बहावा उताराच्या मुरमाड जागेला द्यावा. दोन्ही आपल्या मातीतली झाडे, ऐन उन्हाळ्यात फुलणारी. तरी मादागास्करचा गुलमोहर आणि आफ्रिकेचा स्पॅथोडिया यांचाच हट्ट का, कोण जाणे.

रोप लावताना घाई होते ती पिशवीपाशी. बरेचदा प्लॅस्टिकची पिशवी वरून थोडी फाडून रोप तसेच मातीत बसवतात. पिशवी पुरती काढून बघा: तळाशी मुळे गोल गोल गुंडाळलेली दिसतील. ती बोटांनी मोकळी केली नाहीत, फार गुंतलेली कापली नाहीत, तर मातीतही ती तशीच गोल फिरत राहतात आणि पुढे बुंध्यालाच आवळतात. खड्डा मुळांच्या गोळ्याइतकाच खोल, पण रुंदीला दुप्पट-तिप्पट हवा. खोड जिथून मुळांत रुंदावते तो भाग मातीवर दिसला पाहिजे. काळ्या मातीत थोडा उंचवटा करून लावलेले बरे. काठीला रोप सैल बांधावे आणि वर्षभराने दोरी सोडावी. आमच्या गल्लीत एका कांचनाला बांधलेली नायलॉनची दोरी सालीत इतकी रुतली आहे, की आता ती काढायची तर साल सोलावी लागेल.

ट्री गार्डचेही तेच. जाळीवर देणगीदाराचे नाव ठळक असते, आत बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिल्लीत झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले होते. आपल्याकडे निदान नव्या रोपांना तरी तेवढी जागा सुटावी.

खरी परीक्षा जानेवारी ते मे. रोज तांब्याभर शिंपडून उपयोग नाही. मुळे वरच राहतात. आठवड्यातून एक-दोनदा आळे भरून पाणी आणि वर पालापाचोळ्याचे आच्छादन हवे, तेही बुंध्यापासून चार बोटे लांब. असे पहिले दोन उन्हाळे निभावले की झाड बहुधा स्वतःचे बघते.

म्हणून यंदा रोपे वाटणाऱ्या मंडळांना विनंती: रोपे निम्मी आणा, पण प्रत्येक गल्लीत उन्हाळ्यात पाणी कोण घालणार त्याचे नाव लावणीच्या दिवशीच लिहून घ्या.

आपला,
एक वाचक, वडगाव, बेळगाव